सूर्याचें उतू जाणें

नाशकांत इंदिरानगरासारख्या नव्या वस्तींतून अंगण फारसें उरलें नाहीं. तरी रथसप्तमीस गच्चीवर रथाची रांगोळी काढून सूर्यनारायणासाठीं दूध उतू घालणारीं घरें पुष्कळ आहेत. त्या सूर्याचें स्वतःचें उतू जाणें कसें असतें, हें या खेपेस वाचकांपुढें मांडावयाचें आम्हीं योजिलें आहे. सूर्यावर स्फोट झाला कीं वर्तमानपत्रांतून प्रलयाच्या वार्ता झळकतात. त्यांचें खरेंखोटें पारखण्यास एवढें ज्ञान हवेंच.

सूर्याच्या कडेशीं कधीं कधीं तांबूस कमानी दिसतात. त्यांस तेजःशृंगें म्हणतात. भोंवतालचें प्रभामंडल १० लाख अंशांहून तप्त, तर शृंगांतील वायु सुमारें १० हजार अंशांचा व पुष्कळच दाट. हा जड वायु चुंबकीय रेषांच्या झोळींत तोलून धरलेला असतो. वरील रेषांचें दडपण झोळीस कित्येक दिवस, कधीं महिनेही, जागीं ठेवितें. रेषांचा पीळ वाढला अथवा दडपण सैल झालें, कीं सारी रचना वर उसळते.

शृंग उडालें म्हणजे तेंच पृथ्वीकडे येणारें वादळ, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः शृंग हा त्या वादळाचा केवळ गाभा होय. प्रभामंडलांतून अब्जावधि टन द्रव्य चुंबकीय रेषांसह फेंकलें जातें, हें १९७१ सालीं कृत्रिम उपग्रहावरून प्रथम दिसलें. अशा द्रव्योत्क्षेपाचे अनेकदां तीन भाग असतात: पुढें तेजस्वी वेष्टन, आंत काळोखी पोकळी, व तींत शृंगाचा उजळ गाभा. एकाच चुंबकीय उलथापालथीचीं हीं दोन रूपें आहेत. म्हणूनच कांहीं शृंगें उसळून पुन्हां सूर्यावरच कोसळतात व उत्क्षेप होत नाहीं. उलट कांहीं उत्क्षेप शृंगावांचूनही होतात.

उत्क्षेपाचें बळ मुंबईनें पूर्वींच नोंदलें आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत कॅरिंग्टन यांस सूर्यावर प्रखर झळक दिसली. सुमारें साडेसतरा तासांनीं वादळ पृथ्वीवर आदळलें. कुलाब्याच्या वेधशाळेंत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं उतरला. युरोप-अमेरिकेंत तारायंत्रें बिघडलीं. त्या काळीं बिघडण्यास तारायंत्रांवांचून फारसें कांहीं नव्हतें. आज वीजवाहिन्या व उपग्रह यांवर आपला संसार चालतो. पुढें ट्रॅमगाड्यांच्या विजेचा अडथळा टाळण्यासाठीं कुलाब्याचें हें काम अलिबागेस नेण्यांत आलें.

२ सप्टेंबर २०२३ रोजीं ‘आदित्य-एल१’ हें यान सूर्य न्याहाळण्यास निघालें व पृथ्वीपासून सुमारें १५ लाख किलोमीटरांवर स्थिरावलें. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेनें सिद्ध केली आहे.

तेव्हां स्फोटाची वार्ता वाचतांच तीन प्रश्न विचारावे: द्रव्य खरोखर सूर्यापासून सुटलें काय? त्याचा रोख पृथ्वीकडे आहे काय? त्याच्या चुंबकत्वाची दिशा आपल्या पृथ्वीच्या उलट आहे काय? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर बहुधा तें अगदीं जवळ आल्यावरच मिळतें. तोंवर घाबरविण्याचें काम वर्तमानपत्रांकडे राहूं द्यावें, व चौकशीचें आपण करावें.