नेत्रतज्ज्ञाचा हात कोण तपासणार?

ऊसतोडीत पाचटाचे टोक डोळ्याला लागते. साधी इजा समजून मेडिकलवरून थेंब आणले जातात आणि त्यात स्टेरॉइड असेल तर बुबुळावरची बुरशी आणखी फोफावते. माजलगावचे असे एखादे ऊसतोड कुटुंब अखेर नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचते, तेव्हा पाटीवर एम.एस., डी.एन.बी., डी.ओ.एम.एस. किंवा एफ.आर.सी.एस. लिहिलेले असते. त्यामागे कोणती परीक्षा आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

एम.एस. तीन वर्षांचे. परीक्षा विद्यापीठाची, महाराष्ट्रात मुख्यतः नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, आणि परीक्षकांत त्याच महाविद्यालयातले शिक्षकही असतात. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डी.एन.बी.लाही तीनच वर्षे, पण प्रश्नपत्रिका देशभर एकच. प्रबंध दोन्हीकडे लागतो. याच मंडळाने 2020 मध्ये आपला दोन वर्षांचा डिप्लोमाही जाहीर केला. ग्लासगोची एफ.आर.सी.एस. भारतातल्या केंद्रावरही देता येते.

लेखी कसोटीत डी.एन.बी. उजवी, कारण सगळ्यांना एकच माप लागते. हात मात्र रुग्णांच्या गर्दीतच बसतो. त्या बाबतीत 1974 पासून चालणाऱ्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयासारखी सरकारी रुग्णालये मोलाची आहेत. पुढे मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात नावारूपाला आलेले नेत्रतज्ज्ञ डॉ. तात्याराव लहाने याच महाविद्यालयात शिकवत होते.

आणि नेमका हाच हात परीक्षेत फारसा तपासला जात नाही.

लेखी पेपर, रुग्णतपासणी, तोंडी परीक्षा एवढे झाले की पदवी. शस्त्रक्रियांचा हिशेब लॉगबुकात. पिकून कडक झालेला मोतीबिंदू काढताना भिंगाचे मागचे आवरण फाटले, तर पुढची काही मिनिटे विद्यार्थी काय करतो, हे परीक्षकाला त्या नोंदीतून कळत नाही. ब्रिटनमध्ये प्रशिक्षण पूर्ण व्हायला किमान 350 मोतीबिंदू शस्त्रक्रियांची अट अनेक वर्षे राहिली आहे, शिवाय वरिष्ठ डॉक्टर प्रत्यक्ष काम पाहून वेळोवेळी शेरा देतात. आपल्याकडे निदान शेवटच्या वर्षात, बाहेरच्या परीक्षकासमोर काही शस्त्रक्रिया व्हायला काय हरकत आहे? त्या एकाच दिवशी, दडपणाखाली नकोत. रुग्णाच्या जिवावर परीक्षा नको. चित्रफीत पाहूनही गुण देता येतील.

बुबुळावरची जखम खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी ओळखणे हेही त्यात हवे. ऊसपट्ट्यातल्या डॉक्टरला ते रोज लागते. विद्यापीठाने आणि राष्ट्रीय परीक्षा मंडळाने ही कसोटी सर्वांना सारखी लावावी. तोवर रुग्णांनीही संकोच सोडावा आणि पाटी वाचून थांबू नये: ‘डॉक्टर, अशी ऑपरेशन्स तुम्ही स्वतः किती केलीत?’ एवढे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.