अडकणारें बोट

गेल्या कार्तिकांतली गोष्ट. सकाळचा चहा झाला, पण आमच्या थोरल्या वहिनींच्या हातून पेला सुटेना. अनामिका तळहाताकडे मिटून राहिली होती. दुसऱ्या हातानें त्यांनीं ती ओढली, तों ‘खट्’ असा झटका बसून बोट उघडलें व त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें. सबंध चातुर्मास त्या हें दुखणें पदराआड झांकून पोळ्या लाटीत होत्या! “भावजी, एवढ्या माणसांच्या घरांत बोटाचें काय सांगत बसावयाचें?” हें त्यांचें उत्तर. त्यावर वाताचा विकार ठरवून मधल्या सांध्यास तेल चोळावयास मींच सांगितलें, हेंही कबूल केलें पाहिजे.

डॉक्टर यास ‘ट्रिगर फिंगर’ म्हणतात. बंदुकीचा चाप सुटावा तसें बोट सुटतें, म्हणून. नोटा या फ्रेंच वैद्यानें इ. स. १८५० मध्यें याचें वर्णन केलें. बोट मिटविणारी कंडरा एका नळीवजा आवरणांतून जाते. बोटाच्या मुळाशीं, तळहातांत, त्या आवरणाचें एक कडें असतें. तें जाड झालें व कंडरेवर गांठ आली, कीं गांठ पडलेला नाडा नेफ्यांत अडकावा तसा प्रकार होतो. मिटतांना गांठ कड्याबाहेर येते, उघडतांना आंत शिरत नाहीं. खटका जाणवतो मधल्या सांध्यांत, दोष मात्र तळहातांत. म्हणजे माझें तेल भलत्याच ठिकाणीं गेलें.

निदानास बहुधा क्ष-किरणांची जरूर नसते. बोटाच्या मुळाशीं दाबतां दुखतें, बोटाबरोबर हालणारी गांठ हातास लागते व सकाळीं ताठरपणा अधिक असतो. स्त्रियांत व मधुमेह्यांत हा विकार विशेष. वहिनी दोन्हींत मोडतात. मात्र सबंध बोट सुजून लाल झालें व ताप आला, तर तो पुवाचा प्रकार असूं शकतो. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

प्रथम बोटास विश्रांति व कांहीं आठवडे पट्टीचा आधार. त्यानें न भागल्यास कंडरेच्या आवरणांत स्टेरॉइडचें इंजेक्शन देतात. मधुमेह्यांस याचा गुण कमी येतो व कांहीं दिवस रक्तांतील साखर चढते, म्हणून ती तपासीत राहावें. तेंही फुकट गेलें, तर जागा बधीर करून कडें छेदतात; रोगी बहुधा त्याच दिवशीं घरीं येतो. फार दिवस हयगय केल्यास सांधा कायमचा आंखडण्याचें भय असतें.

वहिनींस अखेर शस्त्रक्रियाच करावी लागली. बोट आतां सरळ होतें. धुणें पिळण्याचें काम तूर्त माझ्याकडे आहे, आणि तें मला नीट येत नाहीं असें त्यांचें मत आहे.