मदतनीस आणि मालक



मालेगावात यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालू असतो. त्याच आवाजात आमच्या मोहल्ल्यातील एक आपा आपल्या घराच्या पुढच्या खोलीत कपडे शिवतात. दारावर पाटी नाही, हाताखाली माणूस नाही. कापड आणणे, मापे घेणे, कापड बेतणे, शिवणे, उधारी वसूल करणे आणि हिशेब ठेवणे ही सगळी कामे त्या एकट्याच करतात. असे एकट्याचे व्यवसाय तुम्हीही पाहिले असतील. कोणी घरी बिर्याणीचे डबे करते, कोणी मेंदी काढते, कोणी मोबाईल दुरुस्त करते. कदाचित तुमच्याच घरी असा एखादा व्यवसाय असेल.

गेल्या वर्षी आपांनी एक मदतनीस ठेवला. तो पगार घेत नाही, चहा मागत नाही आणि रात्री अकरा वाजताही कामाला तयार असतो. तो त्यांच्या मोबाईलमध्ये राहतो. त्याला कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक किंवा थोडक्यात एआय म्हणतात. उर्दूत आपण तिला मसनूई जहानत म्हणतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आले. त्यानंतर जेमिनी, क्लॉड असे अनेक सहायक आले. आपण साध्या भाषेत विचारावे आणि त्याने साध्या भाषेत उत्तर द्यावे, अशी ही सोय आहे.

काही लोक म्हणतात, "ही आळशी माणसाची युक्ती आहे." मला हे पटत नाही. आपांचे उदाहरण पाहा. त्या एक गणवेश ४५० रुपयांना देत असत. एका रात्री त्यांनी सहायकाला सगळा खर्च उर्दूत बोलून सांगितला. कापड ३२० रुपये, दोरा, बटणे व चेन ३० रुपये, वीज आणि मशीनची दुरुस्ती २० रुपये. एकूण ३७० रुपये झाले. तेव्हा सहायकाने विचारले, "तुमची स्वतःची मजुरी यात किती धरली आहे?" आपा गप्प झाल्या. एका गणवेशाला त्यांचे अडीच तास जातात. त्या अडीच तासांचे त्यांना केवळ ८० रुपये मिळत होते. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणीही विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता. मोठ्या कारखानदाराकडे हिशेबनीस असतो, सल्लागार असतो. एकट्या माणसाला ते परवडत नाही. अशा माणसाला चार गोष्टी सुचवणारा कोणी मिळाला, तर त्यात वाईट काय आहे?

पण मित्रांनो, गोष्ट इथेच संपत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका मराठी शाळेला १२० गणवेश हवे होते. आपांना उर्दू उत्तम येते, मराठी बोलता येते, पण लिहिता येत नाही. त्यांनी सहायकाला उर्दूत सांगितले, "ईदनंतर आठ दिवसांनी मी काम सुरू करीन आणि शाळा उघडण्यापूर्वी सर्व गणवेश देईन, असे पत्र मराठीत लिहून दे." अर्ध्या मिनिटात पत्र तयार झाले. अक्षर सुबक, भाषा गोड, शेवटी 'आपली विश्वासू' सुद्धा. आपा पत्र पाठवणारच होत्या. इतक्यात त्यांच्या नववीतल्या मुलीने ते वाचले आणि ती म्हणाली, "अम्मी, आठ दिवसांत? तुम्ही आठ दिवसांत एवढे गणवेश कसे शिवणार?"

पत्रात लिहिले होते, 'ईदनंतर आठ दिवसांत सर्व गणवेश तयार करून देईन.'

'आठ दिवसांनी' आणि 'आठ दिवसांत'. फरक फक्त शेवटच्या प्रत्ययाचा आहे. तो मी वर्गात फळ्यावर लिहिते, तेव्हा तुमच्यापैकी काही जण जांभई देतात. पण हिशेब करा. आपा दिवसाला तीन गणवेश शिवतात. १२० गणवेशांना ४० दिवस लागतात. ते पत्र गेले असते, तर आपांचा शब्द खोटा पडला असता आणि त्या शाळेने पुन्हा त्यांना काम दिले नसते. ही मुलगी माझ्याच वर्गात आहे. दुसऱ्या दिवशी तिने ते पत्र मला दाखवले, म्हणून मला हा लेख सुचला.

पूर्वी आपा अशी पत्रे तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडून लिहून घेत. आता त्यांचे ते पैसे वाचतात, पण त्या अर्जनवीसाचे उत्पन्न तेवढे कमी झाले, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तो माणूस लिहिण्यापूर्वी चष्म्यावरून पाहून विचारायचा, "आठ दिवसांनी म्हणता की आठ दिवसांत?" कारण चुकीचा अर्ज लिहिला, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी त्याच्याच टेबलापुढे उभे राहणार, हे त्याला माहीत होते. मोबाईलमधल्या सहायकाला कोणापुढे उभे राहावे लागत नाही. त्याने अफाट मजकुरातून भाषेची वळणे शिकलेली असतात. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द शोभेल, याचा अंदाज बांधून तो वाक्य रचतो. अंदाज बरोबर असो वा चूक, त्याचा स्वर तितकाच ठाम असतो.

मग चुकीची जबाबदारी कोणाची? कॅनडात या प्रश्नावर निकालच लागला आहे. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील सहायकाने एका प्रवाशाला भाड्यातील सवलतीची चुकीची माहिती दिली. कंपनी म्हणाली की त्या सहायकाच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने हे म्हणणे फेटाळले आणि प्रवाशाला भरपाई देण्यास सांगितले. एवढ्या मोठ्या कंपनीला जबाबदारी झटकता आली नाही. मग आपांना कशी झटकता येईल? पत्राखाली सही आपांचीच असते.

आणखी एक धोका शिळ्या माहितीचा आहे. तयार कपड्यांवरील जीएसटीचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले. त्यापूर्वी एक हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्याला १२ टक्के कर होता. आता अडीच हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के आहे. ज्या सहायकाचे शिक्षण या तारखेपूर्वी संपले, तो ताजी माहिती न शोधता जुनाच दर सांगू शकतो. म्हणून कर आणि कायदा यांविषयीचे त्याचे उत्तर सरकारी माहितीशी किंवा जाणकार माणसाशी ताडून पाहावे.

शेवटची गोष्ट अमानतीची. आपांच्या वहीत मोहल्ल्यातील बायका-मुलींची मापे आहेत, फोन नंबर आहेत. सहायकाला सांगितलेली गोष्ट आपल्या खोलीत राहत नाही, ती दूरच्या कंपनीच्या संगणकापर्यंत जाते. गिऱ्हाइकांनी ही माहिती विश्वासाने दिलेली असते. ती अमानत आहे. हिशेब विचारायचा असेल, तर नावे आणि नंबर वगळून विचारता येतो.

म्हणून माझे मत असे आहे. सहायकाची मदत जरूर घ्यावी, पण जे काम आपल्याला स्वतः किंवा घरातल्या कोणाकडून तपासून घेता येत नाही, ते त्याच्या भरवशावर पाठवू नये. मदतनीस हुशार असला, तरी मालकाने डोळे मिटून चालत नाही.

काही विद्यार्थी मला विचारतात, "टीचर, आता मोबाईल मराठी लिहून देतो, मग आम्ही मराठी कशाला शिकायची?" त्यांना मी आपांच्या पत्राची गोष्ट सांगते. पत्र यंत्राने लिहिले, पण आपांची अब्रू वाचवली ती नववीतल्या मुलीच्या मराठीने.

ते पत्र तिने स्वतःच्या हाताने दुरुस्त केले. आपांना काम मिळाले, आणि या वेळी त्यांनी दरात स्वतःची मजुरीही धरली. आता त्यांच्या घरी एक नियम आहे. कोणतेही पत्र पाठवण्यापूर्वी मुलगी ते मोठ्याने वाचते, आपा मशीन थांबवून ऐकतात आणि प्रत्येक आकडा वहीशी जुळवतात. यात पाच मिनिटे जातात. तुमच्या घरी असा मदतनीस आला असेल, तर ही पाच मिनिटे तुम्ही द्या. तुमच्या अम्मी-अब्बांना त्यांची गरज आहे.