कोणाच्या दावणीचा?

नवापूरच्या रेल्वे फलाटावर एक बाकडे आहे. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, सीमारेषा स्टेशनातूनच गेली आणि बाकड्याची फाळणी झाली. प्रवासी हौसेने त्यावर बसून फोटो काढतात. आम्हाला मात्र तिथे बसले की हसू येत नाही. बाकड्याच्या गुजरातकडच्या टोकाला एखाद्या मावची आदिवासी माणसाला ख्रिस्ती व्हायचे असेल, तर २००३ च्या कायद्याने बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकाने आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी काढायची. देवाकडे जाण्याचा रस्ता कलेक्टर कचेरीतून! आणि महाराष्ट्राच्या टोकाला? ९ जुलै २०२५ रोजी विधानसभेत महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सांगून टाकले की, धुळे-नंदुरबारमधली अनधिकृत चर्च सहा महिन्यांत पाडू.

सहा महिने! नंदुरबार जिल्ह्यात कुपोषणाला मुदत नाही. धडगाव-अक्कलकुव्यातल्या पाड्यांवर गरोदर बाईला झोळीत घालून डोंगर उतरवतात, त्या रस्त्याला मुदत नाही. वनहक्काचे दावे वर्षानुवर्षे धूळ खातात, त्यांनाही नाही. मुदत फक्त क्रुसाला!

बरे, अनधिकृत म्हणजे काय? सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक रस्ते, उद्याने व इतर सार्वजनिक जागांवर नवी अनधिकृत धर्मस्थळे उभारू नयेत, असा आदेश दिला. त्यात मंदिर, चर्च, मशीद आणि गुरुद्वारा असे चौघेही एकाच ओळीत उभे आहेत. धर्मानुसार वेगळा रकाना त्यात नाही. मग दोन जिल्हे निवडून, एकच धर्म निवडून सभागृहात मुदत कसली जाहीर करता? मंत्रिमहोदय, नंदुरबार ते नवापूर, शहादा ते तळोदा गाडीतून जाताना एकदा काच खाली करा. रस्त्याच्या कडेचे ओटे मोजा, सरकारी आवारातल्या घुमट्या मोजा, चौकाचौकातले चौथरे मोजा. सगळे मोजून, सगळ्यांना एकच नोटीस काढायची छाती असेल तर ‘कायदा’ हा शब्द उच्चारा. नसेल तर त्याला कायदा म्हणू नका, त्याला निवड म्हणतात.

आणि ज्याला पाडायचे ते ‘चर्च’ आहे तरी कसे? चार सागवानी खांब, वर पत्रे, शेणाने सारवलेली जमीन, चुन्याने रंगवलेला क्रूस. रविवारी सतरंज्या पसरतात, ढोलकी येते, मावचीत गाणी होतात. पावसात पत्र्याचा आवाज एवढा की पाळकाचा उपदेश पहिल्या दोन रांगांपलीकडे पोहोचत नाही. या पत्र्याखाली राष्ट्राविरुद्ध कट शिजतो म्हणे!

‘आमिष दाखवून बाटवतात’ हा ठरलेला आरोप. कोणी धाक घातला असेल, पैसे वाटले असतील, फसवले असेल, तर पोलीस ठाणे आहे, न्यायालय आहे. गुन्हा नोंदवा, पुरावा आणा. पण या आरोपाच्या बुडाशी जो समज आहे तो अधिक विषारी आहे. आदिवासीला अक्कल नाही. तांदळाच्या पोत्याला भुलून तो देव बदलतो! १९२२ मध्ये याच पट्ट्यात देवीची चळवळ पसरली, तेव्हा पाडेच्या पाडे दारू सोडून आंघोळी करू लागले. त्यांना कोणी आमिष दाखवले होते? सातपुड्याच्या पायथ्याशी गुला महाराजांनी १९३० च्या दशकात ‘आप’ म्हणत हजारो भिलांना नवी उपासना दिली. तेव्हा कोणते पोते वाटले गेले? आपल्या श्रद्धेची घडी आदिवासीने पूर्वीही स्वतः मोडली आहे आणि स्वतः घातली आहे. त्या वेळी दारूवाले खवळले होते. आज खवळणारे वेगळे आहेत, एवढाच फरक.

आता ‘डीलिस्टिंग’चा दांडा उगारला आहे. धर्म बदलला की जमात गेली, सवलत गेली! १९५० च्या अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. केवळ धर्मांतराने जमातीचा दर्जा आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले. मावचीची बोली, कूळ, लग्नातला रिवाज, वाट्याला आलेले दारिद्र्य यांपैकी बाप्तिस्म्याच्या पाण्यात काय वाहून गेले, ते एकदा दाखवा.

हे वाचून काँग्रेसवाल्यांना गुदगुल्या होत असतील. त्यांनी आवराव्यात. डीलिस्टिंगची मागणी संसदेत लावून धरणारे कार्तिक उराँव काँग्रेसचे खासदार होते. २००६ साली हिमाचलात धर्मांतरविरोधी कायदा आणणारे सरकार काँग्रेसचे होते. अनुसूचित जातींच्या आदेशातून ख्रिस्ती दलिताला १९५० साली बाहेर ठेवले ते नेहरूंच्या राजवटीत. त्याला आत घ्या म्हणणारा रंगनाथ मिश्र आयोगाचा २००७ चा अहवाल गुंडाळून ठेवला तो मनमोहनसिंगांच्या राजवटीत. माणिकराव गावित नवापूरचेच, नऊ वेळा खासदार झाले. नंदुरबार हा काँग्रेसचा बालेकिल्ला म्हणून मिरवला गेला. त्या बालेकिल्ल्यातल्या ख्रिस्ती मंडळींचा उपयोग काय? मतदानाच्या दिवशी रांगेत उभे राहण्यापुरता. एकाने त्यांना शत्रू म्हणून मोजले, दुसऱ्याने गठ्ठा म्हणून. गोठ्यातले जनावर कोणाच्या दावणीचे, एवढाच दोघांचा वाद!

चर्चचे धुरीणही सुटत नाहीत. मार्च २०२३ मध्ये केरळात तलश्शेरीचे आर्चबिशप पँप्लानी जाहीर सभेत म्हणाले की, रबराला किलोमागे ३०० रुपये भाव द्या, केरळातून भाजपला खासदार मिळवून देऊ. श्रद्धेचा लिलाव, तोही किलोवर! चपलांच्या जोडासाठी गरिबाला विकणाऱ्यांवर आमोस संदेष्टा तुटून पडला होता. तो त्या व्यासपीठासमोर असता तर काय म्हणाला असता?

मग राजकारणात ख्रिस्ती श्रद्धा उदारमतवादी की सनातनी? हा प्रश्नच मुळात खोटा आहे. नवापूर परिसरात ज्या मिशनने काम उभे केले, ते स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन १८९० साली शिकागोत स्थापन झाले. त्याच इव्हँजेलिकल परंपरेचे बहुसंख्य गोरे अमेरिकन आज ट्रम्प यांच्या मागे आहेत. त्याच परंपरेतून आलेला मावची वर्षानुवर्षे पंजावर शिक्का मारत आला. बायबल तेच, प्रार्थना तीच. तिकडे त्या श्रद्धेपाशी सत्ता आहे, इकडे सातबाऱ्यावरचे दोन बिघे. माणूस कुठे उभा आहे, यावरून त्याचे मत ठरते. क्रूस ते ठरवत नाही. मिशनने उभारलेल्या चिंचपाड्याच्या दवाखान्यात सिकलसेलचा रोगी येतो, तेव्हा तो देवमोगरा देवीला नवस करणारा की येशूला, हे रक्ताच्या काचपट्टीवर दिसत नाही.

आणि नंदुरबारच्या पाळकांनो, एक प्रश्न तुम्हालाही. मंडळीत दारू, सिनेमा, तंबाखू यांवर तासभर बोलता. मुकादमाच्या उचलीवर कधी बोललात? दिवाळी सरली की तुमची निम्मी मंडळी कोयते घेऊन बारडोलीकडच्या उसाच्या फडांत जाते. नाताळ पालात होतो. हंगाम संपतो तरी उचल फिटत नाही, मग पुढच्या सालासाठी पोरगा बांधला जातो. यावर प्रवचन झाल्याचे आमच्या कानी नाही.

गेल्या दिवाळीनंतर नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही उभे होतो. प्रार्थनाघरासमोर ट्रक लागला होता. पातेली, कोंबड्या, गोधड्या, तान्ही पोरे, सगळे चढत होते. कपाळाला कुंकू असलेली बाई आणि गळ्यात क्रूस असलेली बाई एकाच फळीवर टेकून बसल्या होत्या. घरवापसीवाला कोणी आला नव्हता. आमदाराचा माणूस नव्हता. पाळक दुसऱ्या गावी सभेला गेला होता. मुकादम तेवढा वही घेऊन हजर होता, आणि तो नावे मोजत होता.