गालिच्याची पाठ

घरासाठी गालिचा घेताना आपण बहुधा तीनच प्रश्न विचारतो: सोफ्याला रंग शोभेल का, मापात बसेल का आणि किंमत थोडी कमी होईल का. माझ्या मते जो प्रश्न पहिला असायला हवा, तो विचारायचा तर गालिचा उलटा करावा लागतो.

हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवरही नक्षी स्पष्ट दिसते. एकेक गाठ मोजता येते. कडेच्या दशा म्हणजे ताण्याचेच उरलेले दोरे. 'टफ्टेड' गालिच्याची पाठ मात्र झाकलेली असते. ताणलेल्या कापडात बंदुकीसारख्या हत्याराने लोकर टोचायची, मागून लेटेक्सचा थर द्यायचा, त्यावर दुसरे कापड चिकटवायचे आणि दशा असल्याच तर मागाहून शिवायच्या, अशी ही कृती. कालांतराने त्या लेटेक्सचा भुगा होऊ लागतो. दुकानात दोन्हींना 'हँडमेड' म्हणतात, आणि शब्दशः ते खोटेही नाही! स्वस्त म्हणून टफ्टेड घेण्यात काहीच गैर नाही. गाठींच्या भावाने तो घेऊ नये, इतकेच.

गाठींचा भाव तरी का द्यावा? चौरस इंचाला १०० गाठी, ही काही फार बारीक वीण नव्हे. तरीही सहा बाय चार फुटांच्या गालिच्यात ३,४५,६०० गाठी होतात. दिवसाला ६,००० धरल्या, तर एका माणसाचे ५८ दिवस. भदोही-मिर्झापूरच्या मागांवर हे दिवस कोणाचे, हा खरा प्रश्न आहे. बारीक गाठींना लहान बोटेच हवीत, असा एक निर्लज्ज युक्तिवाद या धंद्यात वर्षानुवर्षे चालला. कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये बालमजुरीविरहित गालिच्यांसाठी 'रगमार्क' ही खूण सुरू झाली. २००९ मध्ये तिचे नाव 'गुडवीव्ह' झाले. ती सुरू झाली परदेशी ग्राहकाला समोर ठेवून. पुण्या-मुंबईच्या दुकानांत तशी खूण मागणारा ग्राहक मला अजून भेटायचा आहे. दर पाडून मागणारे मात्र पुष्कळ.

त्या ५८ दिवसांचे मोल परवडत नसेल, तर सुती सतरंजी घ्यावी. लग्नाच्या कार्यालयात अंथरायची वस्तू म्हणून तिला दिवाणखान्यातून आपण उगाच हद्दपार केले. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लोकर ओल धरते. सतरंजी धुता येते, घडी घालून कपाटात टाकता येते, आणि पंगतीला बसायचे झाले तर तिच्यावर वरण सांडल्याचा आकांत होत नाही.