कर हा धर्मादाय नव्हे

हल्लीं एक विलक्षण सिद्धांत कानांवर येऊं लागला आहे. प्राप्तिकर दिलाच पाहिजे असें कोणत्याहि कायद्यानें बंधन नाहीं. विवरणपत्र आपलें आपणच भरतों, तेव्हां भरणें न भरणें हेंहि आपल्याच मर्जीचें, असा त्या सिद्धांताचा मथितार्थ आहे. हाच सिद्धांत खेड्यांत शिरतो तेव्हां वेष पालटतो. तेथें तो म्हणतो, "आम्ही शेतकरी, आम्हांस हा कायदा लागूच नाहीं." ह्या दोहोंपैकीं पहिलें विधान सरळ खोटें आहे. दुसरें अर्धें खरें आहे, आणि म्हणूनच तें पहिल्याहून अधिक घातक आहे. अर्ध्या सत्याच्या आडोशाला कोण कोण येऊन बसलें आहे हें उघड करावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

सिद्धांताची परीक्षा पाहावयाची तर ती मुंबईच्या शेअरबाजारांत पाहण्यापेक्षां बीड जिल्ह्यांतील धर्मापुरीसारख्या गांवीं पाहावी. परळी तालुक्यांतील ह्या गांवीं चालुक्यकालीन केदारेश्वराचें देऊळ आहे, आणि गांवाच्या नांवांतच धर्म आहे. देवापुढें जें ठेवावयाचें तें दात्याच्या श्रद्धेचें. तेथें कोणी मोजमाप विचारीत नाहीं. कराचें तसें नाहीं. असल्या गांवांत ढोबळ मानानें चार प्रकारचे लोक दिसतात: चारपांच एकरांवर कापूस-सोयाबीन घेणारा शेतकरी, शाळेंतील शिक्षक, आडत वा दुकान चालविणारा व्यापारी, आणि दिवाळीच्या मागेंपुढें कोयता घेऊन ऊसतोडीस परमुलखीं जाणारा मजूर. ह्या चौघांस कायदा काय सांगतो तें पाहिलें म्हणजे वादाचा निकाल आपोआप लागतो.

प्रथम बंधनाचा प्रश्न. भारतीय राज्यघटनेचें २६५ वें कलम सांगतें कीं, कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणताहि कर बसवितां येणार नाहीं वा वसूल करतां येणार नाहीं. सातव्या अनुसूचींतील संघसूचीच्या ८२ व्या नोंदीनें शेतीखेरीज इतर उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार संसदेस दिला. त्या अधिकारानें १९६१ चा प्राप्तिकर कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमानें कराची आकारणी स्पष्ट शब्दांत सांगितली. २०२५ सालीं संसदेनें नवा कायदा करून १ एप्रिल २०२६ पासून तो जुन्याच्या जागीं ठेविला, आणि त्याचेंहि चौथेंच कलम आकारणीचें आहे. अंगरखा बदलला, हाडें तींच राहिलीं. जाणूनबुजून कर चुकविणारास दंड व कैद दोन्ही कायद्यांत सांगितलीं आहेत. खुशीच्या सौद्यांत कैदेची तरतूद कोणी केलेली ऐकिवांत नाहीं.

राहिली विवरणपत्र स्वहस्तें भरण्याची गोष्ट. शेतकरी आपला पीकपेरा हल्लीं ई-पीक पाहणींत स्वतःच नोंदवितो. म्हणून रानांत उभें असलेलें पीक त्याच्या मर्जीनें बदलतें काय? नोंद करण्याचें काम आपल्याकडे सोंपविलें म्हणजे नोंदीचा विषय आपल्या इच्छेचा झाला, हा तर्क पोरकट आहे. आणि शाळेंतील शिक्षकास तर ही भ्रांतिसुद्धां परवडत नाहीं. त्याचें उत्पन्न कराच्या मर्यादेपलीकडे गेलें कीं पगार हातीं पडण्यापूर्वींच कर कापला जातो. त्याची खुशी कोणी विचारीत नाहीं. तेव्हां "ऐच्छिक कर" हें तत्त्वज्ञान कोणाच्या सोयीचें आहे हें सांगावयास नकोच. ज्याचें उत्पन्न दुसऱ्याच्या वहींतून येत नाहीं, ज्यास लपविणें शक्य आहे, त्याच्याच तें सोयीचें आहे.

येथें एक बारीक भेद ध्यानांत ठेवावा. २०२५-२६ ह्या आर्थिक वर्षासाठीं नव्या पद्धतींत ४ लाखांपर्यंत आकारणीच नाहीं, आणि नेहमींच्या प्रकारचें उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळें कर शून्यावर येतो. परंतु ४ लाखांवर उत्पन्न गेलें कीं विवरण देणें भाग आहे. देणें शून्य निघणें ही एक गोष्ट, आणि हिशेब दाखविण्याचें बंधनच नसणें ही दुसरी. पहिलीवरून दुसरी काढणारे लोक स्वतःस वकील समजतात, परंतु त्यांचें गणितहि कच्चेंच आहे.

असले पंडित केवळ आपल्याकडेच आहेत असें नाहीं. अमेरिकेंत तर त्यांचा एक पंथच आहे. १९९१ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयांत चीक नांवाच्या वैमानिकाचें प्रकरण गेलें. न्यायालयानें उदार बुद्धीनें म्हटलें कीं, कायद्याचा अर्थ ज्यास प्रामाणिकपणें समजलाच नाहीं त्यानें बुद्ध्या गुन्हा केला असें म्हणतां येत नाहीं. परंतु "मला हा कायदा घटनाबाह्य वाटतो" हें म्हणणें बचाव होऊं शकत नाहीं. पुढें फेरखटल्यांत तो वैमानिक दोषीच ठरला. कायदा समजून घेऊन तो नाकारणें आणि कायदा न समजणें ह्या दोन गोष्टी एकाच वेळीं एकाच माणसास साधत नाहींत, हें तात्पर्य आपल्याकडील पंडितांनींहि घ्यावें.

"हा कर परकीयांनीं लादला," असाहि एक सूर निघतो. इतिहास म्हणून तो अगदींच निराधार नाहीं. १८५७ च्या उठावानें रिकामा झालेला खजिना भरण्यासाठीं जेम्स विल्सन ह्यानें १८६० सालीं हा कर आणिला, आणि त्याच्या समर्थनार्थ मनूचा आधार देण्याचेंहि चातुर्य दाखविलें. २०० रुपयांखालीं माफी, ५०० पर्यंत शेंकडा २ आणि त्यावर शेंकडा ४, असा तो कर होता. तो देणाऱ्यास मत नव्हतें, आणि म्हणून त्या काळीं त्यास विरोध करणारांच्या बाजूस न्यायाचा मोठा अंश होता. परंतु हा युक्तिवाद निदान धर्मापुरीच्या वेशींत तरी टिकत नाहीं. बीड जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. विल्सनचा हात तेथवर पोंचलाच नाहीं. निजामी राज्याचा स्वतःचा प्राप्तिकर कायदा फसली सन १३५७ चा, म्हणजे संस्थानाच्या अगदीं अखेरच्या दिवसांतला. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य संपलें, आणि हिंदुस्थानचा प्राप्तिकर हैदराबादेस लागू झाला तो १ एप्रिल १९५० पासून. म्हणजे २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना आली, आणि तिच्या मागोमाग दोन महिन्यांनीं हा कायदा आला. मराठवाड्यास तो गोऱ्या साहेबानें आणून दिलेला नाहीं. ज्या घटनेनें तेथील माणसास मत दिलें, तिच्याच पाठोपाठ तो आलेला आहे.

आतां त्या अर्ध्या सत्याकडे वळूं. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाहीं, हें पूर्णपणें खरें आहे. १८६० च्या कायद्यांत ही सूट नव्हती; १८८६ च्या कायद्यानें ती दिली, कारण जमिनीवर शेतसारा होताच, आणि एकाच धान्याच्या राशीवर दोनदां माप घालणें अन्यायाचें झालें असतें. घटनेनें शेतीच्या उत्पन्नावरील कराचा अधिकार राज्यांकडे ठेविला. महाराष्ट्रानें १९६२ सालीं तसा कायदा केलाहि होता; आज तो कर येथें वसूल होत नाहीं. म्हणून धर्मापुरीचा शेतकरी आपल्या कापसावर प्राप्तिकर देत नाहीं तेव्हां तो कोणाची मेहेरबानी घेत नाहीं. तो कायद्याप्रमाणेंच वागतो.

परंतु ही सूट शेताच्या उत्पन्नास आहे, शेतकरी म्हणविणाऱ्या माणसास नाहीं. सर्व घोटाळा येथेंच आहे. १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, शेतीचें उत्पन्न म्हणावयाचें तर नांगरणी, पेरणी, लावणी अशी मूळ मशागत त्या जमिनीवर झालेली असली पाहिजे. त्याआधीं १९५४ सालीं मुंबईच्या श्रीमती बाचा गझदर ह्यांच्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें ठरविलें होतें कीं, चहाचे मळे असणाऱ्या कंपनीचा नफा शेतीचा असला तरी भागधारकाच्या हातीं पडणारा लाभांश शेतीचें उत्पन्न नव्हे. आणि १९४८ सालीं प्रीव्ही कौन्सिलनें प्रीमियर कन्स्ट्रक्शन कंपनीच्या मुंबईकडील प्रकरणांत म्हटलें कीं, ऊस पिकविणाऱ्या साखर कंपनीच्या व्यवस्थापकांस मिळणारें कमिशन हेंहि शेतीचें उत्पन्न ठरत नाहीं. उत्पन्नाचा उगम जमिनींत थेट असला पाहिजे. जमिनीचा वास येणें पुरेसें नाहीं.

हें माप गांवांतील माणसांस लावून पाहावें. आडत्याची आडत शेतमालावर मिळते, तरी ती शेतीची नव्हे. आणि ऊसतोड मजूर? बारा बारा तास उसाच्या फडांत राबणाऱ्या ह्या माणसाची मजुरी कायद्याच्या काटेकोर अर्थानें शेतीचें उत्पन्न नव्हे. ती मजुरी आहे. तिच्यावर कर नाहीं तो ती मर्यादेच्या फार खालीं आहे म्हणून, म्हणजे तो दरिद्री आहे म्हणून. ज्याच्या हातांना उसाच्या पातीनें चिरा पडतात त्याच्या उत्पन्नास शेतीची सूट नाहीं. आणि ज्यानें सातबारा केवळ कपाटांत ठेवण्यासाठीं विकत घेतला तो शहरांतील श्रीमान मात्र आपल्या धंद्याचा नफा "शेतीचें उत्पन्न" म्हणून लिहूं पाहतो! कायद्याची ही थट्टा "आम्हां शेतकऱ्यांना कर नाहीं" ह्या घोषणेखालींच चालते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीं २०१९ च्या अहवालांत दाखविलें कीं, शेतीच्या उत्पन्नाची सूट मागणाऱ्या तपासलेल्या प्रकरणांपैकीं सुमारें २२ टक्क्यांत पुराव्याची पुरती छाननी न होतांच सूट मिळाली होती. खऱ्या शेतकऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून हे लोक खजिन्यावर नेम धरतात. आणि उद्यां कोणी संतापून ही सूटच काढून टाकली तर गोळी लागेल ती ज्याचा खांदा त्यालाच.

प्रतिपक्षाची सर्वांत वजनदार बाजू अजून राहिली. "सरकार पैसा उधळतें; आमच्या गांवच्या रस्त्यांत खड्डे आहेत; आणि करबंदी हें तर स्वातंत्र्यलढ्याचें पवित्र शस्त्र होतें," असें ते म्हणतात. खड्डे खरे आहेत, आणि शस्त्रहि पवित्र होतें. परंतु १९२८ सालीं बारडोलीच्या शेतकऱ्यांनीं काय केलें तें आठवावें. सारावाढ शेंकडा २२ ची होती. सारा द्यावयाचा असा कायदाच नाहीं, असें त्यांनीं म्हटलें नाहीं, कीं खोटीं कागदपत्रें केलीं नाहींत. "वाढ अन्यायाची आहे, चौकशी करा, तोंवर देत नाहीं," असें त्यांनीं उघड सांगितलें. जप्त्या सोसल्या, गुरेंढोरें व जमिनी जाऊं दिल्या. आणि शेवटीं चौकशी होऊन वाढ सुमारें ६ टक्क्यांवर आली. अमेरिकेंत थोरोनें १८४६ सालीं कर नाकारला तोहि तुरुंगांत जाण्याच्या तयारीनें. सत्याग्रही कायदा ओळखतो, मोडतो, आणि शिक्षेस उभा राहतो. आमचे पंडित कायदा नाहींच म्हणतात, तो अंधारांत मोडतात, आणि नोटीस आली कीं चार्टर्ड अकाउंटंटच्या दारीं धांवतात. ह्या दोहोंस एकच नांव देणें हा बारडोलीचा अपमान आहे.

अन्याय वाटला तर सनदशीर मार्गहि मोकळा आहे, आणि तो महाराष्ट्रानेंच चालून दाखविला आहे. किमान दरापेक्षां अधिक दिलेला ऊसदर हा खर्च कीं नफ्याची वांटणी, ह्यावरून सहकारी साखर कारखाने व प्राप्तिकर खातें ह्यांच्यांत वर्षानुवर्षें तंटा होता. तासगांव तालुका कारखान्याच्या प्रकरणांत २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, त्या दरांत नफ्याचा अंश किती तें तपासून तेवढाच वेगळा काढावा. पुढें २०२३ सालीं संसदेनें आकारणी वर्ष २०१६-१७ पूर्वींचीं तसलीं देणीं खर्च म्हणून मान्य केलीं. सुमारें १०,००० कोटींचा दिलासा मिळेल असें तेव्हां सांगण्यांत आलें. ह्या निर्णयाविषयीं मतभेद असूं शकतील. परंतु कारखान्यांनीं कर ऐच्छिक असल्याचा दावा केला नाहीं. कायद्याचा अर्थ न्यायालयांत मागितला, आणि दुरुस्ती संसदेंत. मात्र ह्या साऱ्या वादांत तो ऊस तोडणारा माणूस कोणत्याच बाजूचा पक्षकार नव्हता, हेंहि नमूद केलें पाहिजे.

आणि करमुक्त म्हटलेला गरीब खरोखर करमुक्त आहे काय? खताच्या पोत्यावर वस्तु व सेवा कर आहे. तो शेतकऱ्यास दुकानांतच भरावा लागतो. तेथें त्याची खुशी विचारीत नाहींत, त्याचें उत्पन्नहि विचारीत नाहींत. प्राप्तिकर हा निदान ऐपत पाहून मागणारा कर आहे. ऐपतवाल्यांनीं तो बुडविला तर तूट भरून निघावयाची ती असल्याच दुकानांतून, अन्नपाण्याच्या व बीबियाण्याच्या आसपासच्या खर्चांतून, किंवा न झालेल्या दवाखान्यांतून. म्हणून "कर खुशीचा" ही घोषणा दिसावयास सरकारविरुद्ध असली तरी तिचा घाव गरिबावर पडतो.

२६५ वें कलम दुधारी आहे. नागरिकानें कायद्याचा कर दिलाच पाहिजे, आणि सरकारनेंहि कायद्याबाहेर एक पैसा घेतां कामा नये. ह्या दुसऱ्या धारेचा उपयोग आपण फार थोडा करितों. ज्यास ओरडावयाचें असेल त्यानें तेथें ओरडावें: मोठ्या रकमांच्या शेती-उत्पन्नाची छाननी कां होत नाहीं, लहान शेतकऱ्याची सूट अबाधित ठेवून बनावट शेतकरी कां वगळले जात नाहींत, आणि सामान्य माणसास आपल्या मराठींत कायदा समजेल अशी सोय कां नाहीं, हे प्रश्न विचारण्याचा अधिकार हिशेब दाखविणाराचा आहे. केदारेश्वरापुढें जें ठेवावयाचें तें श्रद्धेनें ठेवावें. खजिन्यांत जें भरावयाचें तें कायद्यानें भरावें, आणि त्याच कायद्याच्या बळावर त्याचा जाब मागावा.