नव्या कोंबडीचे एकवीस दिवस

बुधवारी नाशिकला गोदाकाठच्या आठवडे बाजारातून चार गावठी कोंबड्या घेतल्या जातात, संध्याकाळी त्या जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यात शिरतात आणि रविवार उजाडेपर्यंत त्यांतली एक पंख फुगवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली असते. लगेच धावाधाव सुरू होते ती औषधाची. कोणी लसूण-हळद सांगतं, कोणी दुकानातून टेट्रासायक्लिनची पावडर आणून पाण्यात कालवतं. माझं म्हणणं असं की, औषध हा त्या घडीचा दुसरा प्रश्न आहे. ती कोंबडी कोणाच्या शेजारी बसली आहे आणि कोणाच्या भांड्यातलं पाणी पिते आहे, हा पहिला. कोंबड्यांची मर गावभर पसरते ती बहुधा औषध न मिळाल्यामुळे नाही, तर नवी कोंबडी पहिल्याच दिवशी जुन्यांत सोडल्यामुळे.

यामागे साधा हिशेब आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, अंगात शिरल्यावर बहुतेक वेळा पाच-सहा दिवसांनी दिसते. कधी दोनच दिवसांत, तर कधी पंधरवडाही लागतो. तोंड सुजवून डोळ्यांना फेस आणणारा कोरायझा मात्र एक ते तीन दिवसांत उघडा पडतो. म्हणजे बाजारात तुरा लाल आणि चाल तुरतुरीत दिसली म्हणून कोंबडी निरोगी ठरत नाही. त्यातही कोरायझातून किंवा जुनाट सर्दी-घरघरीतून उठलेली कोंबडी ठणठणीत दिसते आणि जंतू मात्र बाळगून असते. अशा वेळी नवी धडधाकट राहते आणि घरची जुनी आजारी पडते. मग दोष हवामानाला! उलटही घडतं. जुन्या कोंबड्यांना सवयीची झालेली रक्ती हगवण त्याच जमिनीवर आलेल्या कोवळ्या तलंगांना मारून जाते. म्हणून नव्यांना तीन आठवडे वेगळं ठेवायचं, भांडी वेगळी ठेवायची आणि दाणा-पाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना द्यायचं. हा क्रम उलटला की वेगळ्या खुराड्याचा निम्मा उपयोग संपला, कारण रोग हातापायांना लागून येतो.

‘एवढी जागा कुठे आहे?’ हा आक्षेप सिडकोतल्या गच्चीवर चार कोंबड्या पाळणाऱ्याचा असेल, तर तो खरा आहे. पण काही पावलं दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला एखादं डालगं ठेवता येतं. अगदीच अपुरं असलं, तरी एका खुराड्यात कोंबण्यापेक्षा बरं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मोटारसायकलच्या हँडलला पाय बांधून उलटी टांगलेली कोंबडी मलूल होणारच, तिला आजारी कसं म्हणायचं? बरोबर आहे. सावली, पाणी आणि थोडी भरड दिली की प्रवासाचा शीण एका दिवसात उतरतो. दुसऱ्या दिवशीही ती दाण्याकडे बघत नसेल, हिरवट पातळ विष्ठा टाकत असेल, घरघरत असेल किंवा मान वाकडी करत असेल, तर तो शीण नव्हे. मानमोडी विषाणूची आहे. टेट्रासायक्लिनची पुडी तिचं काही बिघडवू शकत नाही. रक्ती हगवणीचं औषध वेगळं, कोरायझाचं वेगळं. नेमकं काय झालं आहे हे पशुवैद्यकानेच ठरवावं आणि ताजी मेलेली कोंबडी त्याच्यासाठी सर्वांत बोलका पुरावा असते. ती नाल्यात फेकणं म्हणजे पुरावा घालवणं आणि रोग वाहत्या पाण्याला लावणं.

‘मग लसच देऊन टाकू’ म्हणणाऱ्यांची अडचण मला समजते. मानमोडीवरच्या लासोटा लसीची छोटी कुपीही शेकडो मात्रांची असते, बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी ती कोण आणणार? पण गल्लीतल्या, वस्तीवरच्या दहा घरांनी मिळून एक कुपी आणली तर खर्च किरकोळ होतो. फक्त, लागण झाल्यावर घाईने दिलेली लस ही लस नव्हे. तिचा जोर यायला आठवडा तरी लागतो.

खरा गुंता पुढेच आहे. झुकलेली कोंबडी पाहिली की व्यवहारी माणूस म्हणतो, मरण्याआधी विकून टाका. त्याचे पैसे वाचतात आणि पुढच्या बाजारात दुसऱ्या कोणाच्या पिशवीत तोच रोग घरी जातो. बाजार रोगाचं घर बनतो तो असा, सगळ्यांच्या थोड्या थोड्या शहाणपणातून. याच नाशिक विभागातल्या नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि २०२१ मध्ये तिथेच तो पुन्हा आला. दर मरतुक बर्ड फ्लू नसते, हे खरं. पण घरात पाठोपाठ कोंबड्या पडू लागल्या, तुरे निळे-काळे दिसले, तर सोलणं-कापणं थांबवून पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवायला हवं. संसर्गजन्य रोगाची खबर देणं २००९च्या केंद्रीय कायद्याने मालकावर बंधनकारकच केलं आहे. ‘कळवलं तर सगळ्याच मारतील’ ही भीती खोटी नाही. मात्र बर्ड फ्लूत भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या जिवंत पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. दोन दिवस वाट पाहणाऱ्याच्या खुराड्यात भरपाईजोगे पक्षीच कमी उरतात.